मापे घेणारा कारकून : आल्फाँस बर्टिलन

आमच्या विद्यालयाच्या ग्रंथालयातील ज्या पुस्तकांची बांधणी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, त्यांत शेरलॉक होम्सच्या कथांचा क्रमांक पहिला आहे. विद्यार्थ्यांच्या पालकांपैकी काहींनी व आजोबांपैकी बहुतेकांनी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा अभ्यासाच्या पुस्तकाआड धरून वाचल्या असतील. हल्लीची मुले तोच आनंद पडद्यावरील मालिकांत शोधतात. ह्या आनंदास आमचा मुळीच विरोध नाही. आम्हीही त्याच पंथातले आहोत. परंतु मध्यंतरी आठवीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, गुन्ह्याच्या जागी नुसता एक केस किंवा बोटाचा ठसा मिळाला म्हणजे जर गुन्हेगार सापडतो, तर खटले वर्षानुवर्षे का चालतात? त्या दिवशी आम्हांस समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते शोधीत असता ज्या एका गृहस्थाच्या चरित्रापाशी आम्ही येऊन थांबलो, त्याची हकीकत येथे देत आहोत.

बास्करव्हिल घराण्याच्या कुत्र्याची जी प्रसिद्ध कादंबरी आहे, तिच्या आरंभी होम्सकडे आलेला एक डॉक्टर त्याला यूरोपातील दुसऱ्या क्रमांकाचा तज्ज्ञ ठरवितो. होम्सला अर्थातच ते झोंबते. पहिला क्रमांक ज्याला दिला होता तो मात्र कोणा लेखकाच्या कल्पनेतून जन्मलेला नव्हता. तो पॅरिसच्या पोलीस कचेरीत नोकरी करीत होता व त्याचे नाव आल्फाँस बर्टिलन. (फ्रेंच लोक ह्या नावाचा उच्चार बेर्तियों असा काहीसा करतात, आम्ही आपल्याकडे रूढ असलेलाच ठेवला आहे.)

आल्फाँसचा जन्म १८५३ साली पॅरिस येथे एका विद्वान कुटुंबात झाला. वडील लुई-आदोल्फ हे वैद्य व लोकसंख्याशास्त्राचे नामांकित अभ्यासक होते. आईचे वडील आशिल ग्विआर ह्यांनीच त्या शास्त्राला त्याचे आजचे यूरोपीय नाव दिले. थोरला भाऊ झाक पुढे संख्याशास्त्रात प्रसिद्धीस आला. अशा घरात आल्फाँस हा मात्र नापास होणारा मुलगा निघाला. एकाहून अधिक शाळांनी त्याला काढून टाकले. पेढीवर नोकरीस लावले, ती टिकली नाही. इंग्लंडमध्ये फ्रेंच शिकवून त्याने काही काळ पोट भरले. पुढे लष्करातील सक्तीची नोकरी झाली. स्वभाव अबोल व तुसडा, आवाज रुक्ष, आणि चार माणसांत वागण्याची कला मुळीच नाही. अखेर वडिलांनी ओळखीपाळखी खर्ची घालून १८७९ साली त्याला पोलीस कचेरीत कनिष्ठ कारकुनाची जागा मिळवून दिली. अटक झालेल्या माणसांची वर्णने कार्डांवर उतरून काढणे, एवढेच त्याचे काम.

ह्या कामाचे स्वरूप समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. फ्रान्समध्ये पूर्वी गुन्हेगाराच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने डाग देत असत. तो अमानुष प्रकार १८३२ साली बंद झाला. त्यानंतर सुटून गेलेला चोर दुसऱ्या नावाने पुन्हा पकडला गेला, तर तो जुनाच आहे हे ओळखण्यास पोलिसांच्या नजरेखेरीज साधन उरले नाही. कचेरीत हजारो छायाचित्रे होती, परंतु ती प्रत्येकाने वेगळ्या प्रकारे काढलेली व नावांच्या क्रमाने लावलेली. आणि जो आपले नाव बदलून सांगतो त्याला नावाच्या क्रमाने शोधणार कसे? वर्णने तर अशी, की मध्यम उंची, साधारण चेहरा. आमच्या गावच्या बाजारात उभे राहून हे वर्णन वाचले तर निम्मा बाजार अटकेत जाईल!

तरुण कारकून दिवसभर ही निरुपयोगी वाक्ये लिही व मनात जळफळे. घरी लहानपणापासून त्याने कवट्या व हाडे मोजण्याची साधने पाहिली होती. वयाची विशी उलटली म्हणजे माणसाची हाडे सहसा वाढत नाहीत, व कोणत्याही दोन माणसांची सर्व मापे सारखी नसतात, ह्या दोन गोष्टी त्याला घरातच ऐकून ठाऊक होत्या. त्याने डोक्याची लांबी व रुंदी, मधले बोट, करंगळी, डावा पाय, कोपरापासून पुढचा हात, उजवा कान, बसलेली व उभी उंची, अशी अकरा मापे निवडली. एखादे माप दोघांचे जुळणे चारांत एकदा संभवत असेल, तर अकराही मापे जुळण्याचा संभव चाराला चाराने अकरा वेळा मांडून गुणावे इतका, म्हणजे सुमारे ४२ लाखांत एक, असा त्याचा हिशेब होता. (ह्या हिशेबातील एक खोच पुढे सांगू, गणिताच्या विद्यार्थ्यांनी तोवर ती आपली आपण शोधून पाहावी.)

मापे घेण्याची कल्पना इतरांनाही सुचली असती. बर्टिलन ह्यांचे खरे डोके दिसते ते कपाटाच्या रचनेत. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम व मोठे असे तीन वर्ग. प्रथम डोक्याच्या लांबीवरून तीन विभाग, त्या प्रत्येकाचे रुंदीवरून तीन, मग मधल्या बोटावरून तीन, आणि असे पुढे. पाच मापांतच २४३ खण होतात. लाख कार्डे असली तरी नव्या कैद्याची मापे घेऊन सरळ ज्या त्या खणाशी जावयाचे व आतील थोडकी कार्डे चाळावयाची. नावाची गरजच नाही. घरातील वाणसामानाचे डबे ज्या गृहिणीने लावले आहेत, तिला ह्या युक्तीचे महत्त्व आम्ही सांगावयास नको.

१८७९ सालीच त्यांनी ही योजना लिहून वरिष्ठांकडे पाठविली. पोलीसप्रमुख आंद्रियो ह्यांना ती वेडगळ वाटली व त्यांनी ती फेटाळली. तीन वर्षे गेली. नवे प्रमुख कामकास ह्यांनी वडिलांच्या शब्दाखातर १८८२ च्या अखेरीस तीन महिन्यांची मुदत व दोन मदतनीस दिले. आता विचार करा : ज्याला मोजून सोडला, तोच मनुष्य तीन महिन्यांच्या आत पुन्हा गुन्हा करून ह्याच कचेरीत यावयास हवा; नाहीतर पद्धत खरी असूनही खोटी ठरणार. मुदत संपत आली असता, १८८३ च्या फेब्रुवारीत, ड्यूपाँ असे नाव सांगणाऱ्या एका कैद्याची मापे मार्टिन नावाच्या जुन्या कार्डाशी जुळली. त्याने आधी नाकारले व मग कबूल केले. पुढच्या साली अशी २४१ माणसे ओळखली गेली. १८८५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये सराईत गुन्हेगारास समुद्रापार वसाहतीत धाडण्याची शिक्षा आली, तेव्हा जुना गुन्हेगार कोण हे ठरविणाऱ्या त्या कार्डाला भयंकर वजन प्राप्त झाले.

ह्यानंतरचा उत्कर्ष झपाट्याचा आहे. कैद्याचे एक समोरून व एक बाजूने असे ठराविक अंतरावरून, ठराविक प्रमाणात छायाचित्र घेण्याची जी रीत आज जगभर दिसते, ती बर्टिलन ह्यांनी घालून दिली. खुनाच्या जागी वस्तू हलविण्यापूर्वी उंच तिवईवर कॅमेरा ठेवून मोजमापासह छायाचित्रे घेण्याचा प्रघातही त्यांचाच. १८९२ साली राव्हाशोल नावाच्या बाँब उडविणाऱ्या अराजकवाद्याला पकडले, तेव्हा तो पूर्वी चोरीच्या आरोपाखाली मोजलेला क्योनिगस्टाइन हाच होय, हे कार्डावरून सिद्ध झाले व बर्टिलन ह्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्याच साली बंगालच्या पोलीस खात्यानेही मापांची पद्धत सुरू केली. एकेकाळी शाळेतून हाकलून दिलेला मुलगा चाळिशीच्या आतच यूरोपातील पोलिसांचा गुरू झाला.

येथेच हे चरित्र संपते, तर मुलांना सांगण्यास किती सोयीचे झाले असते!

१८९४ च्या शरद ऋतूत फ्रेंच लष्कराच्या हाती एक फाटका कागद आला. फ्रान्सची लष्करी गुपिते जर्मन वकिलातीस पुरविणाऱ्या कोणा अधिकाऱ्याची ती यादी होती व तिच्यावर सही नव्हती. संशय कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस ह्यांच्यावर घेण्यात आला. ते ज्यू होते, आणि त्या काळच्या लष्करात ज्यू लोकांविषयी जो आकस होता, त्याने ह्या संशयाला भलतेच बळ दिले. फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेच्या गोबेर नावाच्या हस्ताक्षरतज्ज्ञास कागद दाखविला, तेव्हा हे अक्षर दुसऱ्याही कोणाचे असू शकेल, असा त्यांनी सावध अभिप्राय दिला. अधिकाऱ्यांना सावध अभिप्राय नको होता. त्यांनी तोच कागद बर्टिलन ह्यांच्याकडे पाठविला. बर्टिलन हे मापांचे व छायाचित्रांचे तज्ज्ञ. हस्ताक्षर हा त्यांचा विषय नव्हे. आमच्या मते त्या दिवशी त्यांनी एवढेच उत्तर द्यावयास हवे होते. परंतु एवढी कीर्ती पाठीशी असलेल्या मनुष्यास असे उत्तर सुचणे कठीण. त्यांनी एका दिवसात ते अक्षर ड्रेफस ह्यांचे ठरविले.

मग अडचण आली. दोन अक्षरांत फरकही पुष्कळ होते. ह्यावर बर्टिलन ह्यांनी असा सिद्धांत काढला की, ड्रेफस ह्यांनी पुढे पकडले गेल्यास नाकारता यावे म्हणून स्वतःच्याच अक्षराची नक्कल करून मुद्दाम फरक पाडले. म्हणजे अक्षर जुळले तर ड्रेफस दोषी, व न जुळले तरीही दोषीच! ज्या सिद्धांताला खोटे ठरविण्यास कोणताच पुरावा पुरत नाही, तो शास्त्रात बसत नाही, हे ज्याने तीन महिन्यांच्या मुदतीत स्वतःची पद्धत कसाला लावली होती, त्याला कळू नये ह्याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

आश्चर्य वाटते असे लिहिले खरे, परंतु ते सर्वस्वी प्रामाणिक नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभी, आम्ही दुसऱ्या एका शाळेत असता एका वृद्ध शिक्षकांच्या मेजात त्यांची टवाळी करणारी निनावी चिठ्ठी सापडली. शोध लावण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. वह्या तपासल्या, एका मुलाचे ळ आणि क्ष चिठ्ठीतल्यासारखे दिसले, व आमची खात्री झाली. बाकीची अक्षरे जुळत नव्हती. ती त्याने बदलून काढली असणार, असे आम्ही मुख्याध्यापकांस ठासून सांगितले. मुलाला सर्व शाळेसमोर उभे करण्यात आले. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी आले, दारात उभे राहिले व काही न बोलता परत गेले. दोन महिन्यांनी चिठ्ठी लिहिणारा खरा मुलगा आपणहून पुढे आला. आम्ही वर्गासमोर क्षमा मागितली. निरपराध मुलाने मान हलविली, पण वर्षअखेरीस त्याने ती शाळा सोडली. बर्टिलन हे नावही तेव्हा आम्ही ऐकले नव्हते. त्यांची तर्कपद्धती मात्र आम्हांस न शिकविताच येत होती.

ड्रेफस ह्यांच्या वाट्यास जे आले त्यापुढे ही गोष्ट अगदीच लहान. १८९४ च्या डिसेंबरात लष्करी न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. त्या निकालास एकटे बर्टिलन कारण नव्हते. आरोपीच्या वकिलास न दाखविता गुप्त कागदांची एक थैली न्यायाधीशांपुढे ठेवण्यात आली होती. जानेवारी १८९५ मध्ये ड्रेफस ह्यांची पदचिन्हे जाहीरपणे उपटून, तलवार मोडून, त्यांना दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील डेव्हिल बेटावर एकांतवासात धाडले. पुढच्या साली कर्नल पिकार ह्यांच्या ध्यानात आले की, यादीचे अक्षर एस्तेरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या अक्षराशी तंतोतंत जुळते. सत्य सांगितल्याबद्दल पिकार ह्यांनाच दूर पाठविण्यात आले. १८९८ साली कादंबरीकार झोला ह्यांनी राष्ट्राध्यक्षांना उघड पत्र लिहून देशभर वादळ उठविले. १८९९ साली रेन येथे फेरसुनावणी झाली, तेव्हा बर्टिलन मोठमोठी छायाचित्रे व आकृत्या घेऊन पुन्हा उभे राहिले व तेच मत त्यांनी अधिक गुंतागुंतीने मांडले. ड्रेफस ह्यांना पुन्हा दोषी ठरविले गेले व लगेच राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. जणू न केलेल्या गुन्ह्याबद्दल दया!

शेवटी १९०४ साली सर्वोच्च न्यायालयाने बर्टिलन ह्यांचे गणित दार्बू, आपेल व प्वांकारे ह्या तीन श्रेष्ठ गणितज्ञांकडे तपासण्यास दिले. त्यांनी दाखविलेल्या अनेक दोषांपैकी एक आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. यादीत पुन्हापुन्हा आलेल्या शब्दांच्या आरंभी व शेवटी अशा २६ जागा बर्टिलन ह्यांनी तपासल्या व त्यांपैकी ४ ठिकाणी त्यांना विशिष्ट जुळणी आढळली. प्रत्येक जुळणी योगायोगाने होण्याचा संभव पाचांत एक. म्हणून पाचाला पाचाने चार वेळा मांडून गुणले, ६२५ आले, आणि हा योगायोग ६२५ त एकदाच घडेल असे त्यांनी म्हटले. आता एका पिशवीत पाच गोट्या घ्या, एक तांबडी व चार पांढऱ्या. डोळे मिटून एक काढा, पाहून परत टाका, असे २६ वेळा करा. तांबडी चार किंवा अधिक वेळा निघण्यात नवल काय? दहांपैकी जवळजवळ आठ खेळांत तसे होईलच. बर्टिलन ह्यांनी काढलेला आकडा फक्त चारदाच हात घालून चारही वेळा तांबडी निघण्याचा होता. तिघा गणितज्ञांनी त्यांच्या साऱ्या रचनेस शास्त्रीय मूल्य नाही असा निर्णय दिला व १९०६ च्या जुलैत न्यायालयाने ड्रेफस ह्यांना निर्दोष ठरविले. बारा वर्षे झाली होती.

वर ज्या खोचेचा उल्लेख केला, ती अशीच आहे. उंच माणसाचा पायही बहुधा लांब असतो. म्हणून अकरा मापे एकमेकांशी संबंध नसल्यासारखी धरून गुणाकार करता येत नाही. इंग्लंडातील फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनी १८८८ साली मापांच्या ह्या परस्परसंबंधावरच निबंध लिहिला.

मापांच्या पद्धतीचा शेवट मात्र गणिताने नव्हे, तर बोटांच्या ठशांनी केला, आणि त्या कथेत आपल्या देशाचा मोठा भाग आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल ह्या अधिकाऱ्याने करारावर राज्यधर कोनाई ह्यांच्या पंजाचा ठसा घेतला. तोक्योमध्ये काम करणारे स्कॉटिश वैद्यकीय मिशनरी हेन्री फॉल्ड्स ह्यांनी १८८० साली ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असे प्रसिद्ध केले. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री ह्यांना मापांचा अनुभव बरा आला नाही : उपकरणे महाग, आणि तोच हात दोन शिपायांनी मोजला तर दोन मापे. त्यांचे साहाय्यक अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्यांनी ठशांच्या वर्गीकरणात अपार श्रम घेतले व १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी सुरू झाली. स्कॉटलंड यार्डने ही पद्धत १९०१ साली उचलली. पुढच्याच वर्षी खुद्द बर्टिलन ह्यांनी पॅरिसमधील एका खुनात, फुटक्या काचेवरील ठशांवरून, कोणावरही संशय नसता शेफर नावाचा खुनी शोधून काढला. तरीही ठसे हे त्यांच्या मते मापांचे शेपूट होते. कार्डे लावली जात ती मापांच्याच क्रमाने. १९११ साली लूव्र संग्रहालयातून मोनालिसाचे चित्र चोरीस गेले. चौकटीच्या काचेवर डाव्या अंगठ्याचा ठसा होता. चोर पेरुज्जिया ह्याचे कार्ड कचेरीत आधीपासून होते, परंतु त्यावर ठसा उजव्या अंगठ्याचा! दोन वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये चित्र विकावयास गेला तेव्हा तो आपणहूनच सापडला.

ठशांच्या पुस्तकांत एक कथा नेहमी येते, की अमेरिकेतील एका तुरुंगात १९०३ साली नाव, चेहरा व मापे एकच असलेले दोन कैदी समोरासमोर आले व त्या क्षणी बर्टिलनपद्धत कोसळली. कथा चुरचुरीत आहे. परंतु पुढील संशोधकांनी मूळ नोंदी तपासून तिला पुष्कळ मीठमसाला मागाहून लागल्याचे दाखविले आहे. आणि ठसेही माणसेच वाचतात. २००४ साली माद्रिदच्या रेल्वेतील बाँबस्फोटांनंतर एका पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने अमेरिकेतील एका वकिलाचा ठरविला. स्पेनच्या पोलिसांना शंका होती, तरी त्या गृहस्थास कोठडीत टाकले. ठसा दुसऱ्याचाच निघाला व खात्यास क्षमा मागावी लागली. आमच्या त्या आठवीतल्या विद्यार्थ्यास हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले की मग होम्स कसा चुकत नाही? गुन्हेगार कोण हे लेखकाला पहिल्या पानापूर्वीच ठाऊक असते, एवढेच आम्ही म्हणालो. न्यायाधीशाला ते ठाऊक नसते. म्हणून उलटतपासणी, म्हणून दुसरा तज्ज्ञ, म्हणून वर्षे.

मोनालिसाचे चित्र १९१४ च्या ४ जानेवारीस लूव्रमध्ये परतले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १३ फेब्रुवारीस, बर्टिलन वारले. रक्तक्षयाने शरीर खंगले होते व आयुष्यभर मिलिमीटर मोजणाऱ्या त्या डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ड्रेफसविषयीचे आपले मत त्यांनी अखेरपर्यंत बदलले नाही. ड्रेफस पुन्हा सैन्यात रुजू झाले, महायुद्धात लढले व १९३५ साली निवर्तले.

बर्टिलन ह्यांनी स्वतःचेही एक कार्ड १९१२ साली करून ठेवले होते. इतर लाखो कार्डांसारखेच ते आहे : एक चित्र समोरून, एक बाजूने, दाढी नीट राखलेली, आणि नावाशेजारी डोक्याची लांबी, रुंदी, मधले बोट, डावा पाय.